गादीतला वास पावसाळ्यात परत का येतो, आणि तो घरच्या घरी कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि आठ महिन्यांपूर्वी पार्किंगमधून वर आणलेला एक बोका. कुत्र्याने गादीवर दोनदा शू केली. बोका सोफ्याच्या एकाच कोपऱ्यावर आणि हॉलच्या भिंतीवर फवारतो. फिनाईल, डेटॉल, व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून, वर सुगंधी स्प्रे, सगळं करून झालं. मे महिन्यात वास गेला असं वाटलं, पण जून संपता संपता तो परत आला आणि आता पाहुणे दारातच नाक मुरडतात. सासूबाईंचं म्हणणं, एक तर जनावरं बाहेर काढा नाहीतर गादी तरी. काय करावं?

ताई, यातलं काहीच बाहेर काढायची वेळ अजून आलेली नाही. मी सोळा वर्षं नाशिकमध्ये घरोघरी जाऊन सोफे, गाद्या आणि गालिचे धुण्याचं काम करते. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांपासून सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरांपर्यंत. या कामात निम्म्या वेळी मला बोलावतात ते याच वासासाठी. आणि निव्वळ वासापायी लोकांनी चांगली सांभाळलेली कुत्री-मांजरं सोडून दिलेली मी पाहिली आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी वास परत का आला ते बघू, कारण ते समजलं की निम्मं काम होतं. तीस किलोचं लॅब्रॅडॉर दिवसभरात साधारण ६०० मिलीलिटर ते सव्वा लिटर शू करतं. हिशेब किलोमागे २० ते ४० मिलीलिटरचा. म्हणजे एका वेळी गादीत पेलाभर सहज जाते. वर डाग दिसतो बशीएवढा, पण आत फोममध्ये किंवा काथ्यामध्ये ती खाली उतरत आणि पसरत परातीएवढी होते. आपण काय करतो? वरच्या बशीएवढ्या डागावर चार फवारे मारतो आणि फडक्याने चोळतो. साफ होतं ते वरचं कापड. खालची परात तशीच राहते.

शूमध्ये बहुतांश पाणी असतं. उरलेल्यात युरिया, क्रिएटिनिन, क्षार, थोडी प्रथिनं आणि पिवळा रंग देणारं द्रव्य. ताजी असताना तिला फारसा उग्र वास नसतो. मग जिवाणू युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतात आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास सुटतो. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पाणी उडून जातं, जिवाणूंचं काम थंडावतं, क्षार आणि बाकीचं सगळं फोमच्या आत सुकून बसतं. वास गेला असं वाटतं ते यामुळे. जूनमध्ये हवा दमट झाली की हेच क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, जिवाणूंना ओल मिळते आणि अडकून बसलेला वास पुन्हा मोकळा होतो. तुमच्या घरात कोणी नव्याने काही केलेलं नसेलही. मेमधलंच जुलैत बोलतंय.

बोक्याचं प्रकरण आणखी वेगळं. मांजराच्या शूमध्ये फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि ते विघटित होताना गंधकाचे जे वायू निघतात तोच तो ओळखू येणारा बोक्याचा वास. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनिनचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. म्हणून एकाच घरातला कुत्र्याचा वास दोन धुण्यांत जातो आणि बोक्याचा चार धुण्यांतही जात नाही. दोघांवर एकच उपाय लागू पडेल असं समजू नका.

आता तुम्ही जे जे केलंत त्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण त्यातलं काही नुसतं निरुपयोगी नाही, धोक्याचंही आहे.

फिनाईल आणि डेटॉल बोका असलेल्या घरातून आजच बाहेर काढा. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची द्रव्यं निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत, कुत्र्याला आणि आपल्याला जमतं तसं. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग बसून पंजे चाटतं आणि तेवढ्यानेही लाळ गळणं, तोंडात फोड येणं, चालताना झोकांड्या जाणं सुरू होऊ शकतं. असं काही दिसलं तर पंजे साध्या पाण्याने धुवा आणि तडक पशुवैद्यांकडे जा. कपाटातल्या डांबरगोळ्या, कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल हेही त्याच यादीत. लोक वास मारायला सोफ्याखाली डांबरगोळ्या टाकतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला की फसफसतं आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उडून जातात आणि हातात राहतं जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या कामाच्या आहेत, एकत्र नाहीत. व्हिनेगर अमोनियाला बांधून ठेवतं, त्यामुळे तो झोंबरेपणा लगेच कमी होतो. पण प्रथिनांना आणि बोक्याच्या गंधकाला त्याने काही होत नाही, म्हणून व्हिनेगरवर माझा फारसा भर नाही. चादरी धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घाला, तिथे ते छान काम करतं.

आणि ब्लीचिंगचं पाणी. हे मी स्वतः भोगलं आहे म्हणून जास्त बोलते. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्यातली बाल्कनी धुवायला घेतली. तिथे दोन कुत्री रात्रभर बांधलेली असत, कोपऱ्यात शू वाळून पिवळा थर बसला होता. मी पाणी न मारता थेट ब्लीच ओतलं. अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाण्याच्या धारा आणि छातीत असा ठसका की मला दोन दिवस नीट श्वास घेता येत नव्हता. शूमधल्या अमोनियाशी ब्लीच भेटलं की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड पडलं तर थेट क्लोरीन. बंद बाथरूममध्ये हे जीवघेणं ठरू शकतं. शूच्या डागावर ब्लीच नको, इतकं सोपं लक्षात ठेवा. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही नको. त्याचा वास जनावराच्या नाकाला शूसारखाच वाटू शकतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

गरम पाणी आणि वाफेचं मशीनही पहिल्या दिवशी नको. उष्णतेने प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. इस्त्रीचंही तेच. ज्या चादरीचा वास अजून गेला नाही तिला इस्त्री करू नका.

आता कामाला लागू. पहिलं काम शोधण्याचं. ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात अतिनील किरणांची छोटी टॉर्च मिळते, ३६५ ते ३९५ नॅनोमीटर असं लिहिलेली बघून घ्या. रात्री सगळे दिवे घालवून, पडदे ओढून ती सोफा, गादी, भिंतीचा खालचा हातभर भाग आणि दाराच्या चौकटींवरून हळूहळू फिरवा. वाळलेली शू फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या उजळवणाऱ्या द्रव्यामुळे धुतलेल्या चादरी निळसर-पांढऱ्या चमकतात, त्यांना फसू नका. दिसलेल्या प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ ओढून ठेवा. गंगापूर रोडवरच्या एका घरी मला एका डागासाठी बोलावलं होतं, टॉर्च लावल्यावर अकरा निघाले. घरच्यांना दहा जागांचा पत्ताच नव्हता. एक जागा धुऊन दहा ठेवल्या तर घरातला वास कमी कसा होणार?

टॉर्चचा प्रकाश डोळ्यांत घालू नका आणि हातात रबरी मोजे घाला. मोजे नुसते किळस म्हणून नाहीत. कुत्र्याच्या शूमधून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू माणसात येऊ शकतात, पावसाळ्यात हा धोका वाढतो, आणि हाताला चीर असेल तर तेवढी वाट त्यांना पुरते. कुत्र्याला त्याची लस दिली आहे का तेही एकदा पाहून घ्या.

साहित्य फार नाही. जुने पंचे किंवा टर्किश टॉवेल चार-पाच, एक बादली, मग, प्लास्टिकचा मोठा कागद, एन्झाइम, म्हणजे प्रथिनं आणि मळ तोडणारी द्रव्यं, असलेली कपडे धुण्याची पावडर किंवा लिक्विड (पाकिटामागच्या घटकांत ‘एन्झाइम’ असं छापलेलं असतं ते वाचून घ्या), खायचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड आणि औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड. जमलं तर ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम एक दिवस कोणाकडून मागून आणा, त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आणि पाणी शक्यतो नळाचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर मागे राहतो आणि त्या चिकट थराला पुन्हा धूळ धरते.

सोफ्यापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोपा आहे. बैठकीच्या उशीची चेन उघडा, खोळ काढा, ती थंड पाण्यात भिजवून मग एन्झाइमच्या पावडरीत धुवा. आतला फोम घेऊन बाथरूममध्ये जा. मोठ्या टबात कोमट पाणी (हाताला सोसेल इतकंच, ४० अंशांच्या आसपास, फार गरम पाण्यात एन्झाइम मरतात), त्यात लिटरमागे दोन मोठे चमचे पावडर, त्यात फोम बुडवा आणि गोधडी तुडवतात तसा पायाने तुडवा. फोम स्पंज आहे. दाबला की आतलं बाहेर, सोडला की पाणी आत. दहा मिनिटं तुडवा, दोन तास तसाच बुडवून ठेवा, मग पाणी बदलत तुडवत राहा, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. पहिल्या पाण्याचा रंग पाहाल तेव्हा लक्षात येईल, वरून मारलेल्या फवाऱ्याने काही होणं शक्यच नव्हतं. पिळू नका, फोम फाटतो. उभा ठेवून निथळू द्या.

मग सोफा पालथा घालून खालचं काळं कापड बघा. बहुतेक सोफ्यांना ते नुसतं स्टेपल केलेलं असतं. बोक्याने कोपऱ्यावर फवारलं तर ओघळ लाकडी चौकटीवर आणि प्लायवर जातो आणि तिथे कोणी कधी पाहत नाही. कापड उघडून चौकट साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, वाळवा. प्लाय फुगला असेल किंवा पूर्ण मुरला असेल तर तेवढी पट्टी सुताराकडून बदलून घेणं शहाणपणाचं. सोफ्यावर किंवा गालिच्यावर लोकर किंवा रेशीम असेल तर एन्झाइमची पावडर वापरू नका. लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनंच, एन्झाइम ती खातात.

बोक्याच्या वासासाठी शेवटचा उपाय पेरॉक्साइडचा. अमेरिकेत स्कंक नावाचा एक प्राणी आहे, तो अंगावर गंधकाचा अतिशय घाण वास फवारतो. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने १९९३ साली त्यावर एक साधं मिश्रण सांगितलं: पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि थोडा साबण. बोक्याचा वासही गंधकाचाच, म्हणून ते इथेही चालतं. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन गंधकाच्या त्या रेणूचं रूप बदलतो आणि मग नाकाला तो जाणवत नाही. प्रमाण असं: तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड अर्धा लिटर, खायचा सोडा दोन मोठे चमचे, भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बऱ्याचदा सहा टक्क्यांची असते, लेबलवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं दिसेल. तिच्यात तितकंच पाणी मिसळलं की तीन टक्के झालं. धुण्याचा सोडा नको, खायचा हवा. यात व्हिनेगर मिसळू नका.

हे मिश्रण लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच करा. बाटलीत भरून झाकण लावून ठेवलं तर आत वायू साठतो आणि बाटली फुटते. रंगीत कापडाचा रंग ते उडवू शकतं, म्हणून आधी सोफ्याच्या मागे, कोणाला न दिसेल अशा जागी रुपयाएवढा ठिपका लावून अर्धा तास थांबा. रंग टिकला तर पुढे. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ओल्या पंच्याने दोन-तीनदा पुसून काढा. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि जनावरं दुसऱ्या खोलीत.

गादीचं उत्तर गादी कसली आहे त्यावर आहे, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

तुमची गादी कापसाची असेल तर तुम्ही नशीबवान. एका बाजूची शिवण उसवा, भिजून पिवळा पडलेला कापूस हाताने वेगळा काढून टाका, उरलेला गादीवाल्याकडे देऊन पिंजून घ्या, तेवढाच नवा कापूस घाला, नवी खोळ शिवा. दोन दिवसांत गादी नव्यासारखी होते. जुन्या लोकांनी गादी उसवता येईल अशीच शिवली होती. फोमची गादी धुता येते, पण धीराने. काथ्याची गादी सगळ्यात अवघड: काथ्या पाणी धरून ठेवतो, आतून वाळत नाही आणि दमट हवेत त्याला बुरशी धरते. काथ्यात शू तळापर्यंत मुरली असेल तर मी गिऱ्हाईकाला सरळ सांगते की धुण्याचे पैसे मला देऊ नका, तेच नव्या गादीत घाला.

फोमच्या गादीसाठी: खोळ निघत असेल तर काढा. खडूच्या रेघेच्या आत, आणि बाहेर चारही बाजूंनी वीतभर, साधं थंड पाणी ओता. किती? जितकी शू गेली असेल त्याच्या निदान दीडपट. एवढं पाणी गादीत ओतायचं म्हणजे हात आखडतो, मला ठाऊक आहे. पण शू जिथपर्यंत उतरली तिथपर्यंत पाणी उतरलं नाही तर सगळी मेहनत वाया. पाच मिनिटांनी वर घडी केलेला टॉवेल ठेवा आणि त्यावर टाचेने उभ्या राहा, सगळं वजन टाका. टॉवेल भिजला की दुसरा. टॉवेल कोरडा येईपर्यंत हे करायचं. व्हॅक्यूम असेल तर काम निम्मं. युरिया आणि क्षार पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त घाण या साध्या पाण्यानेच निघते. हा टप्पा लोक गाळतात.

मग एन्झाइमचं पाणी, त्याच प्रमाणात, तितकंच खोल. वर प्लास्टिकचा कागद पसरून सहा ते आठ तास ओलं ठेवा. एन्झाइम ओल असेपर्यंतच काम करतात, पंख्याखाली वाळून गेलं तर काम थांबतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम आणि चांगले जिवाणू असलेली खास लिक्विड मिळतात. जुन्या मुरलेल्या डागाला ती पावडरीपेक्षा सरस, कारण पावडरीतले एन्झाइम प्रथिनांवर आणि मळावर चालतात, तर लिक्विडमधले जिवाणू उरलेलं सगळं सावकाश खातात. पण आधी तिथे फिनाईल किंवा डेटॉल ओतलं असेल तर ते जिवाणू मरतील. तुमच्या गादीत दोन्ही गेलेत, म्हणून साध्या पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय ते महागाचं लिक्विड वापरू नका. शेवटी पुन्हा साधं पाणी, पुन्हा टॉवेल.

आणि आता वेळेचा मुद्दा. हे सगळं भर पावसाळ्यात करू नका. जुलैच्या झडीत भिजवलेली गादी आठ दिवस वाळत नाही, आणि शूच्या वासाच्या जागी बुरशीचा वास येतो जो त्याहून वाईट. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर मी जून ते सप्टेंबर गादीचं कामच घेत नाही. तोवर काय? सोफा, भिंत, फरशी आत्ता करा. गादीवर फक्त पाणी-टॉवेलचा थोडा हात फिरवा, जेवढं टेबलफॅनने रात्रभरात वाळेल तेवढाच, आणि वर जलरोधक खोळ घालून ती दुसऱ्या खोलीत उभी करून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात, किंवा मधे चार दिवसांची सलग उघडीप मिळाली तर तेव्हा, खरी धुलाई. गच्चीवर दोन विटांवर तिरकी ठेवा म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि तासातासाने पलटा. फोम आठवडाभर कडक उन्हात ठेवला तर पिवळा पडून ठिसूळ होतो, दोन-तीन दिवस पुरतात. पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. सोड्याची जागा इथे, अगदी शेवटी.

फरशीबद्दल एक इशारा. तुमच्याकडे व्हिट्रीफाइड टाइल असेल तर टाइलला काही होत नाही, पण तिच्या सांध्यांत पांढरं सिमेंट असतं आणि ते स्पंजासारखं शू पितं. सांधे जुन्या टूथब्रशने एन्झाइमच्या पाण्यात घासा, तासभर ओले ठेवा, धुवा. तरी वास आला तर सांधे खरवडून इपॉक्सीने भरून घ्या. पण घरात शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर, लिंबू, ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, यातलं काहीही लावू नका. हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड, आम्लाने खरवडले जातात. पंचवटीतल्या एका जुन्या घरात कुत्र्याच्या डागांवर रोज व्हिनेगर मारून मारून शहाबादीवर पांढुरके खड्डे पडले होते. वास गेला नव्हताच, वर पॉलिशवाल्याचा खर्च. तिथे फक्त साबणाचं पाणी आणि एन्झाइम.

भिंतीवर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर ती धुता येते, डिस्टेंपर असेल तर ते शू शोषून घेतं. ते खरवडून, पेरॉक्साइडचं मिश्रण लावून, वाळवून, प्रायमर आणि धुता येईल असा रंग. चार फुटांच्या पट्ट्याला फार खर्च नाही.

आता सासूबाईंना सांगायची गोष्ट. जनावर मुद्दाम, राग काढायला गादीत शू करत नाही. तीन वर्षं नीट राहिलेला कुत्रा अचानक गादी ओली करतो तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा फटाके-विजांची भीती, यापैकी काहीतरी असतं. सकाळची ताजी शू स्वच्छ बाटलीत घेऊन पशुवैद्यांकडे तपासायला द्या. तो झोपेत असताना गादी ओली होते की जागेपणी, हेही त्यांना सांगा, दोन्हींची कारणं वेगळी. शूमध्ये त्याचं नाक घासणं, ओरडणं, मारणं हे करू नका. त्याने तो एवढंच शिकतो की माणसांसमोर शू करायची नाही, आणि मग सोफ्यामागे जातो.

बोक्याची नसबंदी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारणं ही हद्द आखण्याची खूण. नसबंदीनंतर दहातले सुमारे नऊ बोके हे थांबवतात किंवा खूप कमी करतात, आणि शूचा उग्रपणाही उतरतो. ती झाली नसेल तर वरचं सगळं धुणं त्या आधी करून उपयोग नाही, तो आठवड्यात परत सही करेल. बोक्याच्या शू-शीसाठी माती भरलेले ट्रे दोन ठेवा, मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त, आणि कुत्रा पोहोचणार नाही अशा जागी. लॅब्रॅडॉर ट्रेजवळ घोटाळत असेल तर बोका तिथे जाणारच नाही. आणि बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर धुणं-पुसणं सोडून त्याच तासाला पशुवैद्यांकडे न्या. बोक्याचा मूत्रमार्ग अडकला की एक-दोन दिवसांत जीव जातो.

वास खरंच गेला का हे बघायला आपल्या नाकावर विसंबू नका, घरातल्या माणसांचं नाक सरावलेलं असतं. धुतलेली जागा पूर्ण वाळल्यावर तिच्यावर स्वच्छ सुती रुमाल किंचित ओला करून ठेवा, वर प्लास्टिक, वर वजन, रात्रभर. सकाळी रुमाल बाहेर नेऊन मोकळ्या हवेत सासूबाईंना हुंगायला द्या. वास आला तर एन्झाइमचा फेरा पुन्हा. जुन्या डागाला दोन-तीन फेरे लागतात. तिसऱ्यानंतरही रुमाल बोलत असेल तर फोमच्या दुकानातून तेवढाच चौकोन कापून आणा आणि जुना चौकोन काढून त्या जागी बसवा, अख्खी गादी टाकायची गरज नाही.